पाइप कोरडा होता

शुद्ध होती तोवर बाबा एकच गोष्ट सांगत राहिले, की चाक वळलंच नाही. आईने त्यांच्या तोंडाशी कान नेला होता. ते वाक्य तिने गाठीशी बांधलं, आणि त्यानंतर डॉक्टर हृदयाबद्दल, बरगड्यांबद्दल, वयाबद्दल जे जे बोलले त्यातलं काहीही तिच्या कानांत शिरलं नाही.

उताराच्या शेवटी रस्ता उजवीकडे वळतो. बाबांची गाडी वळली नाही, सरळ गेली आणि डाव्या कोपऱ्याने भिंतीवर आपटली. वेग फार नव्हता. तरुण माणूस असता तर शिव्या देत बाहेर आला असता. बाबा तरुण नव्हते, आणि त्यांचा उजवा खांदा वर्षभरापासून आखडलेला होता.

चाक वळलं नाही म्हणजे स्टिअरिंग, आणि स्टिअरिंगला शेवटचा हात लागला होता मामाचा.

मामा हा आईचा पाठचा भाऊ. पाठचा म्हणायचा, पण मधे इतकी वर्षं होती की आजी अंथरुणाला खिळल्यावर आईनेच त्याला कडेवर वागवला, शाळेत घातला, आणि शाळा त्याला झेपत नाही हे कळल्यावर गॅरेजात कामाला लावला. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. आमच्या गाडीचं सगळं तोच बघायचा. बाबा त्याला शालकमहाराज म्हणत. शालकमहाराज, गाडीला हात लावा, नजर लावू नका, हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि मामा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. गाडीखाली तेलाचे थेंब पडू लागले तेव्हा मामानेच स्टिअरिंगच्या तेलाचा पाइप बदलून दिला होता. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ती भिंत आली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आई त्याला म्हणाली, “तुझ्या हाताने झालं हे. आता माझ्या दारात येऊ नकोस.” तिने आवाज चढवला नव्हता. औषधाची चिठ्ठी आणायला सांगावी तसं सांगितलं. मामा उभा होता तिथून वळला आणि जिना उतरून गेला. बाबांना निरोप द्यायला सगळे जमले तेव्हा तो रस्त्यापलीकडे उभा राहिला, या बाजूला आला नाही.

आईच्या आयुष्यात आता मी होते आणि शिवणाचं यंत्र होतं. तिला लहानपणापासून ओळखणारं, तिला एकेरी हाक मारणारं एकच माणूस बाबांनंतर शिल्लक होतं, आणि त्याला तिने दार बंद केलं होतं. मला ते दार उघडायचं होतं. पाइप सुटला नसेल, दुसरंच काही झालं असेल, तर तसं तिच्यासमोर ठेवता आलं असतं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. साक्षीदार घाबरलेला असला की त्याचं एक वाक्य पुरेसं नसतं, वस्तूही पाहावी लागते, असं मी मुलांना दरवर्षी सांगते.

मामाचं गॅरेज बंद होतं, पण शटर अर्ध्यावर होतं. वाकून आत गेले. तो पाटावर बसला होता, हात स्वच्छ. त्याचे हात स्वच्छ मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. नखांच्या कडासुद्धा उजळल्या होत्या. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. ओढून आणल्यापासून त्याने ती ताडपत्री उचललीच नव्हती.

त्याचं म्हणणं असं, की त्यात बघायचं काय? पाइप त्याने लावला, सांध्यावरची पट्टी त्याने आवळली, दाजी चाक वळलं नाही म्हणाले. गणित सुटलेलं आहे. मी म्हटलं, तू तपासलं नाहीस. तो म्हणाला, मेलेल्याची नाडी बघतात का. बराच वेळ आमचं असंच चाललं. शेवटी मी उठले आणि म्हटलं, मग मी दुसरा मेकॅनिक आणते.

त्यावर मात्र तो उभा राहिला. दाजींच्या गाडीला परका हात लागायचा नाही, म्हणाला. आणि मग, ताडपत्रीची दोरी सोडता सोडता, माझ्याकडे न बघता, “मास्तरीणबाई, निघालं माझ्याच अंगावर तर मग काय करणार तुम्ही?”

तेव्हा मला वाटत होतं की याहून वाईट काही निघूच शकत नाही.

गाडीचा डावा कोपरा चेपला होता, दिवा फुटला होता, पण इंजिन कुरकुरत का होईना सुरू झालं. मामाने पुढचा भाग उचलून ठोकळ्यांवर ठेवला. स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडून बघितली, तळाला चमचाभर उरलं असेल. त्याने आधी सगळं पुसून काढलं, पंप, पाइप, सांधे, खालची लांब नळी जिच्यात चाकांना ओढणारा दांडा सरकतो. तिला तो रॅक म्हणतो. गळती शोधायची म्हणजे आधी जुनी ओल पुसायची, नाहीतर कालचं तेल आजचं वाटतं, असं तो पुसताना सांगत होता. काम सुरू झालं तसा त्याचा आवाज थोडा परत आला होता. मग डबीत नवं तेल भरलं, पाइपाच्या सांध्याभोवती पांढरा कागद गुंडाळला, आणि मला बाबांच्या जागेवर बसायला सांगितलं.

बाबा सीट पुढे ओढून बसत. माझे गुडघे डॅशबोर्डला लागले. सीट मागे घ्यायला हात खाली गेला आणि मी तो परत वर आणला.

मामा दिवा घेऊन गाडीखाली गेला. खालून त्याच्या आज्ञा येत होत्या: उजवीकडे, पूर्ण, धरून ठेव, आता डावीकडे. चाक एका टोकाला गेलं की पंप कण्हायचा. कितीतरी वेळा फिरवलं. मग खालून आवाज यायचा थांबला. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्याच्या शेजारी आडवी झाले, शर्टाची पर्वा न करता. त्याने दिवा सांध्याजवळ धरला. कागद पांढराच होता. त्याने तो सोडून माझ्या हातात दिला. मी बोटाने चाचपला, पाइपाच्या सांध्यावरूनही बोट फिरवलं. पाइप कोरडा होता. पट्टी जिथे आवळली होती तिथेच होती, नवी, घट्ट, पुसलेल्या भांड्यासारखी.

“मामा,” मी म्हटलं, “तुझं काम शाबूत आहे.”

दिवा त्याने रॅकच्या टोकाकडे नेला होता. तिथे दोन्ही बाजूंना भात्यासारखी रबरी टोपणं असतात, धूळ आत जाऊ नये म्हणून. एक टोपण गच्च फुगलं होतं. त्याने त्याची पट्टी सैल केली आणि आत साठलेलं सगळं तेल त्याच्या छातीवर आलं. तो हललाही नाही. दुसऱ्या बाजूचंही तेच झालं. पाइपातून थेंब नाही आणि रॅकच्या दोन्ही तोंडांतून धार.

मला त्याच क्षणी घरी पळायचं होतं. आईचा हात धरून तिला इथे आणायचं, कागद दाखवायचा, सांध्यावर तिचंच बोट ठेवायचं. शिवणारीचं बोट आहे, ओल तिला माझ्याआधी कळली असती. मी उठलेही. मामा म्हणाला, थांब.

रॅकच्या दोन्ही तोंडांशी तेल अडवणारी रबरी सीलं असतात, ती अशी जात नाहीत, म्हणाला. पाइप बदलला तेव्हा त्याने टोपणं सोडून आत बघितलं होतं आणि तिथे ठणठणीत कोरडं होतं. इतक्यात दोन्हीकडची एकदम जाणार नाहीत. बघितल्याशिवाय तो काही बोलणार नव्हता. दुपारभर तो रॅक काढत बसला आणि मी त्याला पाने देत राहिले, चुकीचे देत राहिले. पूर्वी असा पाना दिला की तो म्हणायचा, कॉलेजात हेच शिकवता वाटतं. आज नुसता परत द्यायचा. शेवटी रॅक बाकावर आली आणि आतलं रबराचं कडं त्याने टोकदार हूकने ओढून काढलं.

ते रबर मी हातात घेतलं. मऊ होतं, सुजलं होतं, पाण्यात दिवसभर राहिलेल्या बोटांसारखं. नखाने दाबलं तर खळगा तसाच राहिला.

“म्हातारं रबर कडक होतं, तडकतं,” मामा म्हणाला. “हे फुगलंय. याला दुसरंच काहीतरी पाजलंय.”

त्याने ते नाकाशी नेलं. मग चेहरा न बदलता गाडीच्या मागे गेला, डिकी उघडली, आणि कोपऱ्यात खोचून ठेवलेली बाटली घेऊन आला.

आमच्या घरच्या बाटल्यांबद्दल इथे सांगायला हवं. बाबांचं औषधांचं दुकान होतं. दुकान बंद झाल्यावरही तपकिरी काचेच्या रिकाम्या बाटल्या त्यांनी टाकल्या नाहीत. घरातली सगळी द्रव्यं डब्यातून त्या बाटल्यांत जात: यंत्राचं तेल, फिनेल, गाडीची तेलं. चिठ्ठी चिकटवली तर तेलकट हाताने तिचा चोथा होतो, म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. बाटलीच्या गळ्याला दोरा. लाल दोरा इंजिनचा, निळा स्टिअरिंगचा, काळा ब्रेकचा. दोरे अर्थात आईच्या रिळांचे, आणि बाटल्या तिच्याच खोलीतल्या कपाटात, कारण रिकामा कप्पा तिथेच होता. आमच्याकडे येणारे हसायचे. बाबा म्हणायचे, चिठ्ठी खोटं बोलेल, तुमच्या वहिनींचा दोरा नाही बोलणार.

मामाने बूच काढून वास घेतला. थोडं तेल दोन बोटांत चोळलं. मग पेल्यात पाणी घेऊन त्यात चार थेंब टाकले. तेल असतं तर वर तरंगलं असतं. हे पाण्यात विरघळून गेलं, साखरेसारखं, मागे काही ठेवलं नाही.

ब्रेकचं, तो म्हणाला. ब्रेकचं तेल या रबराला विषासारखं असतं.

दोरा बघायला आम्हाला बाटली उन्हात न्यावी लागली. आत, छपराखाली, तो काळा दिसत होता. उन्हात गर्द निळा होता, नवा कोरा, तेलाचा डाग नसलेला. आणि त्याला बाबांची ढिसाळ गाठ नव्हती. दोनदा आत ओढून टोक कापलेली, बटणाखाली मारतात तशी गाठ होती.

ती गाठ आम्ही दोघांनीही ओळखली. तेलाने मळलेले दोरे कपाटात बघवले नसतील आईला. मळका दोरा तिच्या खोलीत टिकत नाही. दोन्ही बाटल्यांचे जुने दोरे कापले असतील आणि नवे बांधले असतील, बोलत बोलत, कदाचित बाबांशीच बोलत. मागे एका गिऱ्हाइकाची निळी पँट काळ्या दोऱ्याने शिवली गेली होती तेव्हा ती दिव्यावर चिडली होती. मेला मिणमिणता, म्हणाली. त्यानंतर तिने गर्द रंगाची कामं घेणंच बंद केलं, आणि विचारलं तर म्हणाली, कंटाळा येतो. डोळे दाखवू या म्हटलं की विषय बदलायची. डोळे गेलेली शिंपीण म्हणजे घरी बसलेली शिंपीण, हे तिला आमच्याहून चांगलं कळत होतं.

बाबांना नाकाने काही कळण्यासारखं नव्हतं. औषधांच्या वासात आयुष्य काढून त्यांचं नाक कधीच निवृत्त झालं होतं. बाटली तपकिरी, दोन्ही तेलं फिकट. पाइप बदलल्यावर डबीत तेल जरा कमी दिसलं असेल; त्यांनी दोरा बघितला आणि ओतलं. गळायला लागलं, तसं आणखी ओतलं. जितकं गळत होतं तितकं ते भरत होते, आणि जितकं भरत होते तितकं गळत होतं. शालकमहाराजांना पुन्हा त्रास नको म्हणून सांगितलंही नसेल.

मी म्हटलं, आईला सांगू, रबर जुनं होतं, कोणाचीच चूक नाही.

मामा बाकावर बसला. “तिला कोणीतरी लागतं,” तो म्हणाला. “मी नसलो की ती शोधायला लागेल. अगं, तिने एक शिवण उसवायला घेतली की पहिल्या टाक्यापर्यंत जाते. तू ओळखत नाहीस तिला?”

“आणि तू?”

“मला सवय आहे तिच्या बोलण्याची.”

“ती बोलतच नाहीये तुझ्याशी.”

“तेच,” मामा म्हणाला.

मग तो कामाला लागला. मला वाटलं होतं रॅक तशीच पडेल, गाडी तर भंगारातच जायची. पण उघडलेलं काम तो अर्धवट ठेवत नाही, आणि त्यामागे दुसरंही कारण होतं हे मला हळूहळू कळलं. त्याने नवी सीलं आणली, बसवली, सगळ्या नळ्या धुवून काढल्या, पाइपसुद्धा, पुन्हा पुन्हा, बाहेर आलेलं तेल पाण्यावर तरंगेपर्यंत. फुगलेली रबरं टिनाच्या डब्यात टाकून जाळली. बाटली जळक्या तेलाच्या पिंपात उपडी केली. दोरा पकडीने कापून त्याच आगीत टाकला. मी हे सगळं बघत उभी राहिले. पुरावा सांभाळायचा असतो असं शिकवणारी मी, एकदाही थांब म्हणाले नाही.

शेवटी त्याने मला पुन्हा चाक फिरवायला लावलं. एका बोटाने फिरलं. दोन्ही टोकांपर्यंत, आवाज नाही, खाली थेंब नाही. मामाने गाडीखालून हात बाहेर काढून ठीक आहे अशी खूण केली. तो हात पुन्हा पूर्वीसारखा काळा झाला होता. मी चाकावर कपाळ टेकलं आणि तो बाहेर येईपर्यंत तशीच बसले.

निघताना म्हणाला, कपाटातली दुसरी बाटलीही काढून टाक.

आई यंत्रावर होती. समोर फिकट पिवळं कापड होतं, त्याला पिवळाच दोरा. मी कपाट उघडलं. काळ्या दोऱ्याची बाटली मागे होती, तिच्याही गळ्याला नवी, नेटकी गाठ. मी ती हातात घेतली तेव्हा यंत्र थांबलं. काय शोधतेस, आईने विचारलं. गाडी विकायची, मग ही तेलं कशाला, असं काहीतरी मी म्हणाले. तिने मान हलवली. मग विचारलं, की तिकडे गेली होतीस ना? काय निघालं?

मी ठरवलं होतं तेच बोलले. आतलं रबर झिजलं होतं, वयाने होतं असं, कोणाचीच चूक नाही.

तिने कापडाची कड सरळ केली. झिजलं होतं तर त्याला आधी दिसलं कसं नाही, म्हणाली. दिसलं नव्हतं, बरं होतं तेव्हा, मी म्हटलं. मग बरं होतं ते इतक्यात कसं झिजलं? तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या हातातल्या बाटलीकडे, नुसतं, हाताकडे बघावं तसं. त्यात काही नव्हतं. पण पुढचा प्रश्न मला दिसला, आणि त्याच्या पुढचा, आणि त्यांची ओळ जिथे संपत होती तेही दिसलं.

“पाइप होता,” मी म्हटलं. “मामाने लावलेला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

आईने चष्मा परत घातला.

“तो काय म्हणाला?”

“कबूल केलं त्याने.”

“भांडला नाही?”

“नाही.”

“खरंच केलेलं असलं की तो भांडतो,” आई म्हणाली. “कप फोडला की अख्खं घर डोक्यावर घ्यायचा, मी नाही, मी नाही. न केलेल्याचा मार मात्र मुकाट खायचा. माझ्या हातचा खाल्लाय.” ती यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली होती. “तू स्वतः बघितलास पाइप?”

“बघितला.”

“ओला होता?”

भावाला ती त्याच्या पहिल्या पावलापासून ओळखत होती. पण मी तिच्याशी खोटं बोलत नाही, हे तिला त्याहूनही पक्कं ठाऊक होतं.

“ओला होता,” मी म्हटलं. “पट्टी सैल होती. बोट लावून बघितलं मी.”

“मग झालं,” आई म्हणाली.

तिने कापड सुईखाली सरकवलं. मी बाटली घेऊन दारापर्यंत गेले. यंत्र सुरू झालं, थोडं चाललं, आणि थांबलं.

“मी विचारलं हे त्याला सांगू नकोस,” ती पाठमोरी म्हणाली.

मी बरं म्हणाले.